पावणेसातचा खोकला

डिसेंबरातली सकाळ. पावणेसात वाजलेत. डबा भरलाय, दप्तर पाठीवर चढलंय, बाहेर रिक्षावाला हॉर्न मारतोय आणि तेवढ्यात पोर दोनदा खोकतं. पाठवायचं की ठेवायचं? साथीच्या हिवाळ्यात शाळा पालकांसाठी जे काही लिहिते, बोलते, फळ्यावर चिकटवते, ते सगळं या अर्ध्या मिनिटासाठी असतं. त्या वेळी कोणी मोबाइल उघडून चार पानी परिपत्रक वाचत नाही. नियम आधीच डोक्यात बसलेला हवा, आणि घरात फक्त आजी असली तरी तिला लावता यावा इतका सोपा हवा.

महाराष्ट्रात कोविडचे असे दोन हिवाळे झाले. पहिल्यात २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावी आणि २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवी सुरू करायला परवानगी मिळाली. दुसऱ्यात, १ डिसेंबर २०२१ पासून, अगदी पहिलीपासूनची लेकरं वर्गात आली आणि महिनाभरात ओमायक्रॉन आला. त्या दोन हिवाळ्यांत काय चाललं आणि कुठे घोळ झाला, हे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या हाताशी असावं म्हणून इथे मांडतोय. साथ कोविडची असो वा फ्लूची, निम्म्याहून अधिक कामं तीच असतात.

आधी तो नियम. ताप, नवा खोकला, घसादुखी, धाप, उलटी-जुलाब, वास किंवा चव जाणं, यातलं एक जरी असलं तरी मूल घरी. ताप म्हणजे १००.४ फॅरनहाइट, म्हणजेच ३८ सेल्सिअस, किंवा त्याहून जास्त. नुसतं नाक वाहतंय पण पोर खेळतंय, खातंय, घरात दुसरं कोणी आजारी नाही, तर एरवी पाठवायला हरकत नाही. पण तालुक्यात रुग्ण वाढत असतील तर तेही घरी. ओमायक्रॉनमध्ये कित्येकांची सुरुवात नुसत्या सर्दीने आणि घसा खवखवण्यानेच होत होती. आता रुग्ण वाढताहेत की नाही, हे पालकाने बातम्या बघून ठरवायचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलून शाळेने ठरवायचं आणि दर रविवारी संध्याकाळी एका ओळीत सांगायचं: ‘या आठवड्यात सर्दीवालेही घरी’ किंवा ‘या आठवड्यात नुसती सर्दी चालेल’.

या नियमाला एक पळवाट असते. सकाळी तापाचं औषध पाजून मूल पाठवलं जातं. पॅरासिटामॉलचा असर चार-सहा तास. साडेअकराला पोर बाकावर डोकं टेकतं, तोवर शेजारच्या चौघांत मिसळून झालेलं असतं. म्हणून ‘ताप उतरला की पाठवा’ असं कधी लिहू नका. ‘औषध न देता पूर्ण २४ तास ताप नसला तरच पाठवा’ असं लिहा. आणि शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस त्या वर्षापुरतं सरळ रद्द करा. एकीकडे आजारी मूल घरी ठेवा म्हणायचं आणि दुसरीकडे २६ जानेवारीला न चुकता आलेल्याला कंपासपेटी द्यायची, हे जुळत नाही. आईबाप दोघं रोजाने जात असतील तर आजारी मुलाला सांभाळणार कोण, हाही प्रश्न खराच आहे. तिथे उपदेश उपयोगी पडत नाही, शेजारची आजी किंवा अंगणवाडीताई यांच्याशी आधीच बोलून ठेवलेलं उपयोगी पडतं.

आता निरोप पोचण्याची गोष्ट. पटावर ६० मुलं, यादीत ६० नंबर, म्हणजे साठ घरांपर्यंत निरोप गेला असा समज असतो. तो खोटा ठरतो, कारण नंबर बापाचा आणि बाप दिवसभर एमआयडीसीत. पालकांच्या नोंदवहीत नंबरापुढे आणखी तीन रकाने आखा: फोन दिवसा कोणाच्या हातात असतो, साधा आहे की स्मार्ट, आणि घरी दुसरा कोणता नंबर लागतो. हे काम एका दिवसात होतं. साथीत शाळा बंद असताना पोषण आहाराचा तांदूळ-डाळ न्यायला आया रांगेत उभ्या असतात, तेव्हा करून घ्यायचं.

त्याच रांगेत प्रत्येकीच्या फोनमध्ये शाळेचा नंबर ‘शाळा’ या नावाने स्वतः सेव्ह करून द्या. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून गेलेला संदेश, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो. बाकीच्यांच्या बाबतीत तुमच्याकडे एकच टिक दिसत राहते आणि तुम्ही म्हणता, रेंज नसेल. ग्रुप करायचा तर वर्गाचा करा, अख्ख्या शाळेचा नको, आणि त्यावर फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल असं सेटिंग ठेवा. नाहीतर शाळा बंदची सूचना सुप्रभातच्या फुलांखाली आणि तीस ‘ओके सर’खाली गाडली जाते.

संदेशाची पहिली ओळ तारखेची. जानेवारी २०२२ आठवून बघा. मुंबईत ४ तारखेपासून पहिली ते नववी आणि अकरावी बंद. मग राज्यभर १० जानेवारीपासून १५ फेब्रुवारीपर्यंत बंदचा आदेश. तेवढ्यात २४ जानेवारीपासून पुन्हा सुरू करायला परवानगी, तीही स्थानिक प्रशासनाच्या निर्णयावर. या सगळ्या आदेशांचे फोटो एकाच वेळी सगळ्या ग्रुपांवर फिरत होते आणि कुठला आजचा, कुठला गेल्या महिन्याचा, ते कळायला मार्ग नव्हता. आदेशाची पीडीएफ पुढे ढकलणं म्हणजे पालकांना माहिती देणं झालं नाही. त्यातलं आपल्या शाळेला लागू असलेलं एक वाक्य काढून द्यायचं असतं. उदाहरणार्थ:

‘रविवार, १२ डिसेंबर २०२१. शनिवार १८ पर्यंत लागू. शाळा रोज साडेदहाला. या आठवड्यात सर्दीवालेही घरी. मूल घरी ठेवलंत तर अकराच्या आत वर्गशिक्षकांना मिस कॉल द्या. स्वेटर, कानटोपी कुठल्याही रंगाची चालेल.’

एवढंच. हात धुण्याचे फायदे, प्रतिकारशक्ती, ‘घाबरू नका पण काळजी घ्या’ हे सगळं यातून गाळा. वेळ ठरलेली ठेवा, रविवारी सात म्हणजे सात. तसं केलं की मधल्या वारी आलेला संदेश तातडीचा असणार हे पालकांना आपोआप कळतं.

साध्या फोनसाठी एसएमएस. त्यातली अडचण फार जणांच्या लक्षात येत नाही. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘शाळा’ या शब्दाला दोन नाही, चार जागा लागतात. सत्तरच्या पुढे गेलात की संदेशाचे तुकडे होतात, आणि तीन तुकडे झाले तर बऱ्याच रिचार्जमध्ये असलेली दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा तीसेक घरांतच संपते. ‘ताप/खोकला असेल तर मूल घरी ठेवा. ११ पर्यंत शाळेला मिस कॉल द्या.’ हे ६२ जागांत बसतं. काही जुन्या फोनवर देवनागरी उमटत नाही, नुसते चौकोन दिसतात. अशा घरांपुढे वहीत खूण करून तिथे फोनच करायचा.

वाचता न येणाऱ्यांसाठी चाळीस सेकंदांचा ऑडिओ, आणि तो घरच्या बोलीत. मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली किंवा पावरी, तांड्यावर गोरमाटी. आवाज गुरुजींचा नको, त्याच वस्तीतल्या एखाद्या आईचा किंवा दहावीतल्या मुलीचा असला तर लोक शेवटपर्यंत ऐकतात. आणि फोनच्या बाहेरची एक जागा कधी विसरू नये: दूध संकलन केंद्र. सकाळ-संध्याकाळ गावातल्या बहुतेक घरांतलं कोणीतरी किटली घेऊन तिथे येतंच. फॅटच्या मशीनशेजारी भिंतीवर चिकटवलेला कागद शाळेच्या फाटकावरच्या फलकापेक्षा जास्त वाचला जातो. ग्रामपंचायतीचा भोंगाही चालतो, पण त्यावर एका वेळी एकच वाक्य, दोनदा.

बीड, अहिल्यानगरच्या (तेव्हाच्या अहमदनगरच्या) पूर्व भागात हिवाळ्याचा अर्थच वेगळा. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते निघतात आणि निम्मं गाव साखर कारखान्यांच्या फडांवर जातं. मुलं मागे राहिली तर हंगामी वसतिगृहात जेवतात आणि आजी-आजोबांकडे झोपतात. म्हणजे साथीत सगळ्यात जपायचं ते म्हातारं माणूस आणि वर्गातून आलेलं मूल एका खोलीत, आणि नोंदवहीतला नंबर शेकडो मैलांवर. अशा घरांची यादी ऑक्टोबरातच वेगळी काढा. टोळी नेणाऱ्या मुकादमाचा नंबर घ्या, कारखान्याचं नाव लिहा, आणि गावात त्या मुलाचा निर्णय कोण घेणार त्या एका माणसाचं नाव ठरवा. आईबापांना आठवड्यातून एकदा, फडावरून परत आल्यावर रात्री, ‘पोरगं बरंय’ एवढा निरोप द्या. तो मिळत नाही तेव्हा लोक हंगाम सोडून परत येतात, किंवा मुलाला फडावर बोलावून घेतात आणि शाळा सुटते.

आता शाळेच्या दारातली ती बंदूक. थर्मल गनवर शाळांनी जेवढा विश्वास टाकला तेवढा तिने कमावलेला नव्हता, हिवाळ्यात तर नाहीच. सात वाजता सायकलवरून आलेल्या मुलाचं कपाळ गार पडलेलं असतं. आकडा ९३-९४ फॅरनहाइट येतो आणि शिपाई तो तसाच वहीत उतरवतो. ९३ हा आकडा ‘ताप नाही’ असं सांगत नाही, ‘मोजणी फसली’ असं सांगतो. रात्रभर लोखंडी कपाटात राहिलेलं यंत्रही गारठलेलं असतं. ते वापरायच्या जागी अर्धा तास आधी काढून ठेवा. मुलांना आडोशाच्या व्हरांड्यात दहा-पंधरा मिनिटं बसू द्या. कानटोपी काढायला लावा, कपाळावरचं तेल, घाम, केस बाजूला करा, यंत्रावर लिहिलंय तेवढ्याच अंतरावरून मोजा, बहुतेकांना ते तीन ते पाच सेंटिमीटर असतं. यंत्र ‘बॉडी’वर आहे की ‘सरफेस’वर तेही बघा, चुकून दुसऱ्यावर गेलं की सगळी शाळा थंडगार निघते. एवढं करूनही ताप नसलेला बाधित मुलगा त्यातून सुटतोच. तेव्हा बंदुकीसाठी फाटकात शंभर पोरांची गर्दी करणं हा उलटा धंदा आहे.

खरा प्रश्न हवेचा. थंडी पडली की पहिली गोष्ट होते ती खिडक्या लागतात, आणि मे २०२१ मध्ये केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने साध्या भाषेत सांगितलं होतं की मोठे थेंब दोन मीटरच्या आत पडतात पण बारीक तुषार हवेबरोबर दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. दहा मीटर म्हणजे वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीच्याही पलीकडे. निफाडकडच्या थंडीत सगळ्या खिडक्या सताड उघडा म्हणणं सोपं आहे, पण दोन दिवसांत कोणीतरी त्या लावणारच. त्यापेक्षा समोरासमोरच्या भिंतींतल्या सगळ्या खिडक्या वीतभर उघड्या ठेवा, वरची झडप पूर्ण उघडी. एकच खिडकी पूर्ण उघडली तर तिच्याजवळचा कुडकुडतो आणि कोपऱ्यातली हवा हलत नाही. जुन्या वर्गांत मागची खिडकी बहुधा कपाटाने किंवा रिकाम्या पोत्यांनी झाकलेली असते, ते आधी हलवा.

हवा खेळतेय का ते उदबत्तीने कळतं. वर्गाच्या मध्यभागी, बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर पेटती उदबत्ती धरा. धूर एका बाजूला सरकत गेला तर ठीक. सरळ वर जाऊन तिथेच गिरक्या घेत राहिला तर दार आणि त्याच्या समोरची खिडकी उघडा आणि पुन्हा बघा. तरीही जमत नसेल तर खिडकीत टेबलफॅन तोंड बाहेर करून लावा. कार्बन डायऑक्साइडचं मीटर कोणी देणगीत दिलं तर आणखी सोपं: बाहेर आकडा सुमारे ४०० असतो, वर्गात १,००० च्या आत ठेवायचा. दारं-खिडक्या लावून तीस मुलं बसली तर पाऊण तासात तो दीड हजाराच्या पुढे सहज जातो.

पाढे, कविता, प्रार्थना हे सगळं अंगणात उन्हात. मोठ्याने एका सुरात म्हटलेले पाढे बंद वर्गात जेवढे तुषार उडवतात तेवढे गप्प बसून लिहिणाऱ्या वर्गातून उडत नाहीत. शाळेची वेळ सातऐवजी साडेदहा करता आली तर करा, कारण ऊन मिळालं की खिडक्या आपोआप उघड्या राहतात.

मास्कबद्दल थोडक्यात. जून २०२१ च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क लावायचा नव्हता, ६ ते ११ वयात जमेल तसा आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली, बारानंतर मोठ्यांसारखा. हिवाळ्यात नाक वाहून आणि धुक्याने मास्क ओला होतो, म्हणून दप्तरात दुसरा हवाच. कडेला रंगीत दोऱ्याने खूण करून द्या, नाहीतर मधल्या सुट्टीत अदलाबदल ठरलेली. मफलर म्हणजे मास्क नाही.

थंड पाण्याने पोरं बोटांची टोकं ओली करतात आणि पळतात. काळ्या टाकीतलं किंवा उन्हात ठेवलेल्या पिंपातलं पाणी मधल्या सुट्टीपर्यंत कोमट होतं, हात धुणं त्या वेळेला लावा. साबणाच्या वड्या नाहीशा होत असतील तर दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम कपड्यांची पावडर विरघळवा आणि झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीत भरा. ती बाटली कोणी घरी नेत नाही. सॅनिटायझरचा मात्र एक धोका फक्त हिवाळ्यातला: शेकोटी. अल्कोहोल चोळलेले ओले हात जाळावर धरले तर पेट घेतात, आणि ती ज्योत उन्हात दिसतही नाही. सकाळी शेकोटीपाशी जमणाऱ्या मुलांना हे आईबापांनीच सांगायला हवं, म्हणून हे वाक्य एका रविवारच्या संदेशात घालाच.

बाकं पुसायला ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर ३० टक्के क्लोरीनवाली पावडर लिटरला ३३ ग्रॅम, म्हणजे एक टक्क्याचं द्रावण. गार पाण्यात, रोज ताजं; गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ वापरा. संडासच्या अॅसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. मुलांच्या अंगावर फवारणी अजिबात नाही. खरं तर यावर फार पैसा घालू नये, खिडकीचं तुटलेलं बिजागर आधी बसवा.

आजारी मूल घरी राहिलं की शाळेचं काम संपत नाही. पालकांना हवं असतं ते ‘कधी घाबरायचं’ याचं उत्तर. ते असं द्या: मूल शांत किंवा झोपलेलं असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त, त्याहून मोठ्यात ३० किंवा जास्त असतील तर त्याच दिवशी दवाखाना. छाती आत ओढली जात असेल, ओठ निळे दिसत असतील, मूल पाणीही पीत नसेल किंवा जागं होत नसेल तर १०८. ऑक्सिमीटर असेल तर बोट आधी चोळून गरम करा, मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट घ्या, आकडा स्थिर व्हायची वाट बघा. दोनदा मोजूनही ९४ च्या खाली आला तर डॉक्टर.

पॅरासिटामॉलमध्ये सगळ्यात मोठी चूक चमच्याची. मात्रा किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलाला २०० ते ३००. पण सिरप दोन ताकदींचं मिळतं: ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० चं. बाटल्या दिसायला सारख्या. पहिल्याचे १० मिलिलिटर आणि दुसऱ्याचे ५ मिलिलिटर म्हणजे जवळपास सारखंच औषध. ‘मागच्या वेळी दोन झाकणं दिली होती’ या आठवणीवर दुसऱ्या बाटलीतून दिलं की दुप्पट जातं. दोन डोसांत चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. अॅस्पिरिन मुलांना नको, घरात उरलेलं अँटिबायोटिकही नको.

वाफेचं पातेलं मुलांपासून लांब ठेवा. वाफेने विषाणू मरत नाही, पण उकळतं पाणी मांडीवर सांडून मुलं भाजतात. कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढत नाही, आणि लहान मुलाने तो कापूर तोंडात टाकला तर झटके येऊ शकतात. हळदीचं दूध, गरम वरण-भात खुशाल द्या, त्याला कोणाची हरकत नाही.

वर्गात कोणी बाधित निघालं तर नाव सांगायचं नाही, सूचक वर्णनही नाही. ‘तिसऱ्या बाकावरचा’ म्हटलं तरी गावाला कळतं, आणि पुढच्या वेळी पालक तपासणीच टाळतात. ‘सातवी अ मध्ये एकाला कोविड आहे. वर्ग अमुक तारखेपर्यंत बंद. ताप किंवा खोकला आला तर तपासणी करून घ्या, शंका असेल तर १०४ या आरोग्य हेल्पलाइनला फोन करा’ एवढं पुरे. घरी किती दिवस, याचा आकडा बदलत गेला. २०२० मध्ये १० दिवस आणि त्यापुढे आणखी ७ दिवस घरातच होते. जानेवारी २०२२ मध्ये तपासणीपासून ७ दिवस, आणि शेवटचे ३ दिवस ताप नको. पालकांच्या डोक्यात दोन्ही आकडे एकत्र असतात, म्हणून दिवस मोजायला सांगू नका, परतायची तारीखच लिहून द्या. बरं झाल्यावर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा तीन दिवस ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, पोटदुखी असं काही दिसलं तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, हे त्याच कागदावर मागच्या बाजूला लिहा. ती बाजू लोक जपून ठेवतात.

शेवटची नोंद हजेरीपटासाठी. गैरहजर मुलापुढे नुसता ‘गै’ न लिहिता कारणाचं अक्षर लिहा: ‘ता’ ताप, ‘खो’ खोकला, ‘जु’ जुलाब, ‘इ’ इतर. अकराला मिस कॉल न आलेल्या घरी वर्गशिक्षकांचा फोन. एका वर्गात तीन दिवसांत तीन ‘ता’ किंवा ‘खो’ दिसले की संध्याकाळची वाट न बघता उपकेंद्राच्या सिस्टरांना कळवा. आणि त्या बोलण्यात दहा आणि सोळा वर्षांच्या मुलांच्या टीडीच्या (धनुर्वात-घटसर्पाच्या) इंजेक्शनचंही विचारून घ्या. शाळा बंद असताना किती जणांचं राहिलंय, ते त्यांच्या रजिस्टरवरून निघतं.